डोळा पास, हूक रिजेक्ट

वागळे इस्टेटीत माणूस तीन गोष्टींवरून ओळखला जातो: कंपनी कितव्या नंबरच्या रोडला, खातं कुठलं आणि पाळी कुठली. कंपनी बंद पडून तिथे काचेचा आयटी पार्क उभा राहिला तरी ही ओळख पुसली जात नाही. आमचे मायक्रॉनकाका आजही 'सोळा नंबर रोड, टूलरूम इन्स्पेक्शन, जनरल शिफ्ट' अशीच स्वतःची ओळख करून देतात. त्यांचं पाळण्यातलं नाव किसननगरात आता फक्त मतदारयादीला आणि गॅसवाल्याला ठाऊक आहे.

मायक्रॉन हे नाव त्यांना खात्यातल्या पोरांनी ठेवलं. काकांना ते पसंत नाही. अपमान वाटतो म्हणून नव्हे, एकक चुकलं म्हणून. "मायक्रॉन नंतर आला रे. आम्ही थाऊवाली माणसं." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण तीन थाऊ भरतो. त्यामुळे कुणी 'केसभर फरक आहे' असं म्हणालं की काका लगेच विचारतात, "कोणाचा केस? टॉलरन्स किती?"

एमआयडीसीचा जन्म १ ऑगस्ट १९६२चा, आणि तिचा श्रीगणेशा झाला तो याच वागळे इस्टेटीत. काकांचं बोलणं ऐकलं तर मात्र असं वाटतं, की आधी इन्स्पेक्शन खातं निघालं आणि मग त्याला तपासायला काहीतरी हवं म्हणून आजूबाजूला कारखाने काढले. त्यांच्या धर्माची तत्त्वं सोपी आहेत. जॉब चुकतो, ऑपरेटर चुकतो, प्रसंगी ड्रॉइंगही चुकतं. इन्स्पेक्टर चुकत नाही. आणि मापाचं हत्यार चुकू नये म्हणून दर सहा महिन्यांनी त्याचं कॅलिब्रेशन होतं. मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज, सगळ्यांवर स्टिकर: तपासलं कधी, पुढची तारीख कधी. तारीख उलटलेलं हत्यार टेबलावर दिसलं की काका ते हातरुमालात गुंडाळून कपाटात टाकायचे. "खोटं बोलणारा माणूस परवडला, खोटं बोलणारं गेज नको."

अशा या माणसाला चाळिशी लागली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. ही बातमी साऱ्या बिल्डिंगला आहे. काकांना अजून मिळालेली नाही.

चष्मा नाकारणाऱ्या माणसांची आपल्याकडे एक स्वतंत्र जमात आहे. ती प्रत्येक सोसायटीत सापडते. हॉटेलात गेल्यावर हा माणूस मेनूकार्ड समोरच्याकडे सरकवतो आणि उदारपणे म्हणतो, "तुम्हीच सांगा, मला काहीही चालतं." मोबाईलवर मेसेज आला की त्याच्या हाताला नेमकं पीठ लागलेलं असतं, मग तो नातवाला म्हणतो, "वाच रे, मोठ्याने वाच, उच्चार बघू तुझे." औषधाच्या बाटलीवरची तारीख हा खिडकीत जाऊन वाचतो, मग गॅलरीत जाऊन वाचतो, आणि शेवटी 'हल्ली छपाईची शाई स्वस्तातली वापरतात' असा निष्कर्ष काढून परत येतो. काका या जमातीचे कुलगुरू. त्यांच्या मते गेल्या वीस वर्षांत देशातली छपाई, घरातले दिवे आणि सुयांची नेढी या तीन गोष्टींचा दर्जा घसरला. त्यांची नजर होती तिथेच आहे.

गंमत म्हणजे लांबचं त्यांना खरोखरच लख्ख दिसतं, आणि तोच सगळा घोटाळा. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून, लांबून येणाऱ्या गाडीच्या कपाळावरचं 'एस' अक्षर ते सगळ्यांच्या आधी वाचतात आणि ओरडतात, "कर्जत! चला!" माणसं धावतात आणि गाडी खरंच कर्जतची असते. त्या भांडवलावर काका पुढचा आठवडाभर जगतात. "ज्याला कर्जत दिसते त्याला भिंग लावा म्हणता?" जवळचं न दिसणं हा डोळ्याचा निराळा जमाखर्च आहे, हे त्यांना कुणी सांगायला गेलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "डोळा एकच आहे ना? मग?"

हे सगळं चहापाण्याच्या गप्पांपुरतंच राहिलं असतं. पण काकांना मासे पकडायचा नाद.

नाद जुना. पहिल्या पाळीच्या पोरांबरोबर ते संध्याकाळी रायलादेवी तलावाच्या काठी गरवायला बसायचे. बांबूची काठी, तंगूस, गरी, बाटलीचं बूच आणि डब्यात गांडुळं. गळाला लागायची ती बहुतेक चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला गेला आणि मग त्याने कुणाला न विचारता सगळे तलाव आपल्या नावावर करून घेतले. काका त्याला 'बाहेरून आलेला पण शिफ्टला पक्का' म्हणत. या खेळात नजरेचं काम फारसं नव्हतं. बूच बुडालं की ओढायचं, आणि बूच लांब असतं.

मग कोलोरॅडोतल्या भाच्याने मामांना फ्लाय फिशिंगची काठी आणून दिली.

नऊ फुटी काठी चार तुकड्यांत, ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात. पासपोर्ट कार्यालयाच्या रस्त्याने काका ते खांद्यावर टाकून निघाले तेव्हा सिक्युरिटीवाल्याने त्यांना थांबवलं. काकांनी त्याला जागेवरच काठी जोडून दाखवली आणि सांध्याचं फिटिंग किती सरस आहे त्यावर व्याख्यान दिलं. रांगेतल्या दोघांचा नंबर चुकला म्हणतात.

या मासेमारीचं तंत्र वेगळं. आपल्या गळाला शिसं असतं, त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नाही. म्हणून वजन दोरीत असतं. जाडसर दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची, ती हवेत पूर्ण सरळ झाली की सोडायची, आणि शेवटच्या बारीक धाग्याला बांधलेला किडा पाण्यावर अलगद टेकला पाहिजे. ब्रिटिशांनी हा शौक भागवायला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ट्राउटची अंडी बोटीने काश्मीरला आणून तिथल्या ओढ्यांत वाढवली. ट्राउटला बर्फाचं पाणी लागतं. वागळे इस्टेटीत मे महिन्यात नळालाही गरम पाणी येतं, त्यामुळे काकांनी ट्राउटचा विषय लगेच बंद केला. "मासा महत्त्वाचा नाही. प्रोसेस महत्त्वाची."

प्रोसेसचा सराव सुरू झाला रायलादेवीच्या काठावर, पहाटे. हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून. सरावाची रीतच तशी आहे, आणि ती का आहे हे पहिल्याच दिवशी कळलं. मागे गेलेली दोरी परत आली ती हास्यक्लबच्या अध्यक्षांची माकडटोपी घेऊनच. क्लबचे सभासद त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसले.

पण काकांचं या खेळावर खरं प्रेम जडलं ते धाग्याच्या रिळामुळे. दोरीच्या टोकाचा तो पारदर्शक धागा अमुक 'एक्स' या मापात मिळतो. भाच्याने फोनवर सहज सांगितलं, की अकरातून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात येते. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. "म्हणजे थाऊ!" फाईव्ह एक्स म्हणजे अकरा वजा पाच, सहा थाऊ. सेव्हन एक्स म्हणजे चार. साऱ्या जगाने मीटर पत्करला, पण कोलोरॅडोच्या नदीकाठी उभी असलेली माणसं अजून थाऊमध्ये बोलतात, हे ऐकून काकांचा गळा दाटून आला. त्यांनी कपाटातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, धागा धरला, रॅचेट फिरवलं आणि नातवाला हाक मारली, "ये, रीडिंग घे जरा, तुला शिकवतो." नातवाने वाचलं, सहा. काका कृतकृत्य झाले.

आता फक्त सहा थाऊचा तो धागा हुकाच्या नेढ्यात ओवायचा होता.

या हुकांचं गणित उलटं असतं: नंबर जितका मोठा तितका हूक बारीक. वीस नंबरचा हूक करंगळीच्या नखावर मावून वर जागा उरते, आणि त्याचं नेढं म्हणजे 'आहे' असं विश्वासाने मानायची गोष्ट. काका ट्यूबलाइटखाली बसले. हात लांब केला, धागा पुढे नेला, धागा नेढ्याच्या डावीकडून गेला. परत नेला, उजवीकडून गेला. तासाभराने त्यांनी हूक खाली ठेवला, वहीत तारीख घातली आणि बॉलपेनने लिहिलं: 'नग २५. बोअर अंडरसाइज. रिजेक्ट.'

स्वयंपाकघरातून काकू आल्या. हात पुसले, हूक उचलला, धागा तोंडात ओला केला आणि ओवून टेबलावर ठेवला. काकांनी तो निरखला. "हा एक बरा निघाला लॉटमध्ये."

काकूंनी पुढचाही ओवला.

"दोन," काका म्हणाले.

तेव्हापासून ही व्यवस्था रुळली. काका सलूनमधून, चिकनवाल्याकडून, काकूंच्या शिवणाच्या डब्यातून माल जमवून किडे बांधतात. वागळे इस्टेटीतला डास हा त्यांचा आवडता नमुना. माशाच्या ओळखीचाच किडा हुकावर हवा, असं शास्त्र आहे. बांधणं सगळं स्पर्शाने, 'हाताला सवय आहे' म्हणून. मग काकू प्रत्येक किड्याला वीतभर धागा ओवून देतात आणि ते थर्माकोलच्या पाटीवर ओळीने टोचतात. काका ती पाटी ट्रेसारखी समोर धरून मान डोलावतात. काकूंनी एकदा सरळ विचारलं, "अहो, चष्मा का नाही घेत?" काकांनी महाभारत काढलं. "अर्जुनाने पाण्यात बघून माशाचा डोळा फोडला. चष्मा होता त्याला?"

"त्याला नुसता बाण मारायचा होता," काकू म्हणाल्या. "सुई ओवायचा पण असता तर द्रौपदी अजून माहेरीच असती."

पावसाळा सरल्यावर काका मला घेऊन वांगणीला गेले. तिथून थोडं चाललं की उल्हास नदीचं बऱ्यापैकी मोकळं पात्र लागतं. काकांनी काठी जोडली, काकूंची पाटी दगडावर ठेवली आणि दोरी झुलवायला सुरुवात केली. दोरी झुलवणं त्यांना छान जमतं, हे मान्य केलं पाहिजे. दोरी मागे उलगडते, क्षणभर थांबते आणि पुढे जाते, आणि त्या थांबण्याचा हिशेब काकांच्या मनगटात आहे. पण किडा पडायचा चाळीस फुटांवर, उन्हाने चकाकणाऱ्या पाण्यात. मासा त्याला हलकेच तोंड लावतो तो क्षण दिसला पाहिजे. उशीर झाला की मासा पिसं थुंकून निघून जातो. काकांना पाण्यावर फक्त चकाकी दिसत होती. चकाकीत जे हललं त्याला ते झटका देत होते.

"लागला!" ते ओरडले.

पलीकडे म्हशी धूत असलेल्या पोराने मान वर केली. "तो दगड हाय, आजोबा."

तुटला तो पहिला किडा. दुसरा बाभळीत गेला. तिसरा काकांच्याच टोपीच्या मागच्या बाजूला लटकला आणि तासभर आम्ही तो पाण्यात शोधला. पाटी संपली. आता खिशातले मोकळे हूक काठावरच ओवायला हवे होते. काकांनी हात लांब केला, डोकं मागे घेतलं, उन्हाकडे तोंड केलं, उन्हाकडे पाठ केली. पोरगं म्हैस सोडून जवळ आलं, हातातला हूक घेतला, धागा आत घातला आणि परत दिला. मग काकांकडे जरा काळजीने बघत म्हणालं, "चष्मा घरी राहिला काय?"

परतीच्या गाडीत काका बोलले नाहीत. ठाणे आल्यावर दरवाजातून समोरच्या फलाटावरच्या इंडिकेटरकडे बघून 'कसारा' एवढंच म्हणाले. समोरची गाडी कसाऱ्याचीच होती.

पुढची चाल काकूंची. "माझे डोळे तपासायचेत, सोबतीला चला," म्हणून त्या काकांना दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तिथे नाव काकांचं लावलं. डॉक्टर तिशीतली मुलगी. तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. हा तक्ता स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली केला, हे तिने सांगितल्यावर काकांची कळी जरा खुलली. "आमच्या एमआयडीसीच्या बरोबर शंभर वर्षं आधी." त्यांनी खालची ओळ वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"सुरेख," डॉक्टर म्हणाली. "आता हे." आणि तिने हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं.

काकांनी हात लांब केला. मग उठले, कार्ड खुर्चीत उभं केलं, चार पावलं मागे आले आणि खड्या आवाजात पहिली मोठी ओळ वाचली. "ओके आहे."

"काका, नदीवर हूक पण असाच दगडावर ठेवून मागे जाता का?"

"छपाई पुसट आहे."

डॉक्टर हसली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली. "माझे बाबा पण वागळे इस्टेटीतच होते. इन्स्पेक्शनला."

"कुठल्या रोडला?"

"बावीस. तुमचा मायक्रोमीटर किती दिवसांनी कॅलिब्रेट व्हायचा?"

"दर सहा महिन्यांनी. स्टिकर लागल्याशिवाय हात लावत नसू."

"आणि हे?" तिने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "ह्याचा स्टिकर कधीचा?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "ड्यू आहे."

मग डॉक्टरने ते समजावलं, आणि काकांनी समजून घेतलं, कारण आता विषय यंत्राचा होता. डोळ्यातलं भिंग तरुणपणी मऊ असतं. जवळचं बघायचं झालं की ते फुगतं. वय वाढतं तसं ते कडक होतं आणि फुगेनासं होतं. लांबचं बघायला फुगावं लागत नाही, म्हणून कर्जत दिसते आणि हूक दिसत नाही. पाण्यावरच्या चकाकीला उपाय पोलराइज्ड काचेचा: पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाची कंपनं बहुतेक आडवी असतात, ती काच नेमकी तीच अडवते, आणि पाण्याच्या आतलं दिसायला लागतं. शिवाय डोक्याभोवती सुईसारखे हूक भिरकावणाऱ्या माणसाने उघड्या डोळ्यांनी उभं राहू नये, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

"माशाला लागते का चाळिशी?" काकांनी विचारलं.

"आपल्यासारखी नाही. त्याचं भिंग मुळातच गोल आणि कडक असतं. ते आकार बदलत नाही, पुढे-मागे सरकतं. आणि पापण्या नसतात त्याला, डोळा मिटायचा प्रश्नच नाही."

"मिटत नाही?" काका विचारात पडले. "म्हणजे पूर्ण शिफ्ट डोळा उघडा."

चष्मा आला. वर लांबचं, खाली जवळचं, आणि नदीवर लावायला पोलराइज्ड काचांची क्लिप. काकांनी डब्यावर पांढरा स्टिकर चिकटवून त्यावर तपासल्याची तारीख आणि पुढची तारीख लिहिली. बिल्डिंगमध्ये त्यांनी चष्मा घेतल्याचं कबूल केलेलं नाही. 'इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेट करून आणलं' असं ते सांगतात. घरावर मात्र संक्रांत आली. फोडणीच्या डब्याच्या झाकणाची कड, नळाखालचा डाग, दूधवाल्याच्या वहीतली खाडाखोड, सगळ्याचे रिपोर्ट निघू लागले. काकूंनी मला गॅलरीतून विचारलं, "त्या डॉक्टरबाई परत घेतात का रे चष्मा?"

आम्ही पुन्हा वांगणीला गेलो. काठावर काकांनी हूक उचलला, मान जरा वर केली, चष्म्याचा खालचा भाग डोळ्यासमोर आणला आणि पहिल्या दमात धागा ओवला. कुणी बघितलं का ते पाहिलं. मी बघितलं होतं, समाधान झालं. मग क्लिप लावली आणि पाण्याकडे बघून गप्प झाले.

पात्राच्या तळाचे गोटे मलाही दिसत नव्हते, त्यांना दिसत होते. "आहे," ते पुटपुटले. "दोन दगडांच्या मधे. दिसतो त्याहून खोल असणार. पाणी चारातली तीनच आणे खोली दाखवतं." दोरी मागे गेली, थांबली, पुढे गेली. किडा माशाच्या दोन हात वरच्या अंगाला टेकला आणि वाहत खाली आला.

"येतोय. वर येतोय. बघतोय." काका कुजबुजत होते. "अजून बघतोय. गेला!"

परत टाकला. मासा परत वर आला, किड्याखाली थांबला, परत खाली गेला. तिसऱ्यांदा तर तो नुसता मान वळवून जागेवरच राहिला.

काकांनी दोरी ओढून घेतली. किडा तळहातावर ठेवला आणि चष्म्याच्या खालच्या भागातून तो पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. डासाचा एक पंख डोक्यातून निघाला होता. दोऱ्याची गाठ पोटाखाली लोंबत होती. पाय मोजले तर अकरा भरले. शेपटीला काकूंच्या ब्लाउजची जरी होती.

"हा मी बांधला?"

मी काही बोललो नाही.

"आणि हा पास केला मी?"

त्यांनी थर्माकोलची पाटी उघडली आणि एकेक किडा चष्म्याखाली धरून उलटासुलटा केला. मग वही काढली, तारीख घातली आणि सावकाश लिहिलं: 'पूर्ण लॉट रिजेक्ट.' सही करायच्या जागी ते अडखळले. पेन हातात धरून त्यांनी पाण्यातल्या त्या दोन दगडांकडे बघितलं.

"खरं म्हणजे सही त्याची पाहिजे," काका म्हणाले. "तीनदा माल बघितला, तीनदा परत पाठवला. एक शब्द बोलला नाही. डोळा आहे साल्याचा! आमच्या खात्यात असता तर चार्जमन करून ठेवला असता."